ठमीचा ओरखडा

"बायकोने ओरबाडलं," माकडखान्याचा रखवालदार डॉक्टरीणबाईंना म्हणाला आणि मनगट पुढे करून मलम मागितलं.

ओरबाडलं होतं ठमीने. ठमी म्हणजे प्रयोगशाळेतली माकडीण, त्याच्या गळ्यातला ताईत. हातमोजे काढून तिची पाठ खाजवली हे वर कळलं असतं, तर पिंजऱ्यावरून उचलबांगडी ठरलेली. म्हणून गड्याने बायकोवर बिल फाडलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं झालं. माकडाने ओरबाडलं असतं तर पंचाईत होती. त्यांच्या अंगात एक विषाणू असतो. त्यांना फार तर तोंडात फोड येतो. माणसाला त्याची लागण क्वचितच होते, पण मेंदूत शिरला की माणूस सहसा हाती लागत नाही."

"आणि औषध?" त्याने सहज विचारलं. घाम मात्र सहज येत नव्हता, धो धो येत होता.

"जखम साबणाने खसाखसा धुवायची, विषाणूरोधक गोळ्या ताबडतोब सुरू करायच्या. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर मग शिरेतून औषध, पण त्याचा भरवसा कमी. तुम्हाला काय त्याचं?"

"बायकोच्या अंगात असेल का हो तो?"

"बोलवा, बघू."

समोरच्या बेकरीतून बायको आली, कोपरापर्यंत पिठात. डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं उलटीपालटी केली. नखं पार मुळाशी कापलेली.

"मी ओरबाडलं? कशाने, लाटण्याने?" बायको कडाडली. "अहो, तोंड उघडा!"

रखवालदाराने गोळ्यांच्या कपाटाकडे पाहिलं. मेंदूच गेला तर ठमीला ओळखणार कोण, या विचाराने त्याला गलबलून आलं.

"ठमीने," तो पुटपुटला.

"ही ठमी कोण?" बायकोने पिठाचे हात कमरेवर ठेवले.

"माकडीण! शपथ, माकडीण!"

डॉक्टरीणबाईंनी केव्हाच नळ सोडला होता. त्याचं मनगट साबणाखाली गेलं ते बराच वेळ बाहेर आलं नाही. मग गोळी. ती त्याने पाणी यायच्या आत गिळून टाकली.

"वेळेत बोललात. पुढचे काही दिवस लक्ष ठेवू."

"पिंजऱ्यावरून काढतील मला," तो रडवेला झाला.

"काढू देत. तुम्ही राहिलात म्हणजे झालं," बायको म्हणाली. एवढं गोड बोलल्याचा तिलाच राग आला असावा. "डॉक्टर, आता मी खरंच ओरबाडलं, तर याच गोळ्या चालतील का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नळ चालूच आहे."