विसरणाऱ्याला समज

"रंग कोणता?" कारकुनाने विचारले आणि मागच्या फळीवरच्या पिशव्या समोरच्याला दिसू नयेत अशा बेताने खुर्ची सरकवली.

निरीक्षकांनी छताकडे पाहिले. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण लोक अजून निरीक्षकच म्हणत आणि ते म्हणू देत.

"रंग म्हणजे... मळखाऊ."

"मळखाऊ हा रंग नाही साहेब, ती सोय आहे."

बस-आगाराच्या कोपऱ्यातली ती खोली विसरलेल्या वस्तूंची होती. छत्र्या होत्या, डबे होते, एक कवळी होती आणि कुबड्यांची एक जोडीही होती. कुबड्या विसरून माणूस बसमधून उतरला कसा, हे कोडे कारकुनाला अजून सुटले नव्हते. खोलीचा नियम मात्र साधा होता. आतल्या तीन वस्तू सांगितल्याशिवाय पिशवी दाखवायचीही नाही. तिन्ही जुळल्या की पिशवी द्यायची, आणि पिशवीबरोबर समज द्यायची. समज म्हणजे कारकुनाचे तोंडपाठ भाषण. ते फक्त विसरणाऱ्यालाच ऐकवायचे, असा शिरस्ता होता. खुद्द आगारप्रमुख आपली छत्री न्यायला आले, तेव्हा तेही हात मागे बांधून ऐकून गेले होते.

"पिशवी बायकोची आहे ना? मग त्यांनाच येऊ द्या की आत. बाहेर बाकावर बसल्यात त्या त्याच ना?"

निरीक्षकांनी दाराकडे पाहिले, मग टेबलापाशी सरकून आवाज खाली आणला.

"ती येत नाही. म्हणते, मला विचारलं आणि आठवलं नाही तर?"

कारकुनाने हातातले पेन खाली ठेवले.

"आमच्या घरात ती कधी काही विसरत नाही," निरीक्षक म्हणाले. "गॅस, किल्ल्या, कुणाचे वाढदिवस, सगळं तिच्याकडे. आणि परवा पिशवीच विसरली. तेव्हापासून बाई गप्प आहे. तिची थोरली बहीण शेवटी शेवटी पोटच्या मुलीला विचारायची, 'तुम्ही कुणाकडच्या?' त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. काल हिनं चहात साखर घातली की नाही ते तीनदा चाखून पाहिलं. आज तर म्हणाली, आता मी एकटी बाहेर पडत नाही."

"पिशवी तुमच्या सीटजवळ नव्हती ना पण?"

"आम्ही वेगळे बसलो होतो. ती पुढे, मी मागे."

"बरोबर. कंडक्टरला पुढेच सापडली. बायकांच्या सीटवर, खिडकीच्या कडेला." एवढे आपण सांगायला नको होते, हे कारकुनाच्या उशिरा लक्षात आले. तो खाकरला. "तीन वस्तू सांगा."

निरीक्षकांनी छाती पुढे काढली. दुसऱ्याच्या काट्यातला गुंजभर फरक ज्याने उभ्या उभ्या पकडला, त्याला पिशवी म्हणजे काय!

"कंगवा."

"नाही."

"छोटा आरसा."

"नाही."

"पावडर?"

"वहिनी पावडर लावतात?"

निरीक्षक विचारात पडले. लावत असावी. निदान लग्नात लावली होती.

"असं कसं? बायकांच्या पिशवीत दुसरं असतं काय?" ते जरा चढ्या आवाजात म्हणाले.

"नियम भिंतीवर लावलाय. चार चुका झाल्या की अर्ज करावा लागतो. वाचून घ्या."

निरीक्षकांनी सवयीने खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि त्याच सवयीने दाराकडे मान वळवून हाक मारली, "अगं, माझा चष्मा—"

हाक अर्ध्यातच राहिली. चष्मा मागायचा तिच्याकडे, आणि ती काढणार पिशवीतून.

"कसला चष्मा?" कारकुनाने खालच्या आवाजात विचारले.

"काळ्या काडीचा. एका काडीला दोरा गुंडाळलाय. मीच त्याच्यावर बसलो होतो."

"एक झाली."

निरीक्षक दुसरी वस्तू आठवू लागले. घशाशी खवखवले तसे ते खोकले, आणि खोकता खोकताच थांबले.

"खोकल्याच्या गोळ्या आहेत का हो? पत्र्याच्या चपट्या डबीत?"

"दोन."

"कानटोपी? करडी. मला वारा लागतो."

"तीन."

आता थांबायला हरकत नव्हती. पण निरीक्षक थांबेनात. "पाठीला लावायची छोटी उशी?"

"आहे. पण तिला मार्क नाहीत."

"पाण्याची बाटली? माझी, झाकणाला चीर गेलेली?"

"आहे."

"आणि तिचं? तिचं स्वतःचं काय आहे त्यात?"

कारकुनाने पिशवी फळीवरून काढली, टेबलावर ठेवली आणि तळापर्यंत हात घातला. "एक सेफ्टी पिन आहे."

"ती पण माझीच," निरीक्षक म्हणाले. "माझ्या शर्टाची बटणं तुटतात."

पिशवी निळी होती. निरीक्षकांनी बंद धरून ती उचलली आणि तशीच हातात तोलत राहिले. वजन त्यांच्या हाताला ताबडतोब कळे. खात्यात त्याबद्दल नाव होते. प्रत्येक प्रवासात ते बायकोला विचारत, "दगड भरलेत का त्यात?" ती म्हणे, "असू द्या."

"घेऊन जा," कारकून म्हणाला. "समज मात्र द्यावी लागेल. विसरल्या वहिनी, म्हणजे त्यांनाच. दोन मिनिटांचं काम आहे, मी बाहेर येतो हवं तर."

निरीक्षकांनी पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली.

"समज मला द्या."

"पण विसरलं कोण?"

"मी." उभ्या आयुष्यात त्यांनी चूक केली नव्हती, निदान कबूल तरी केली नव्हती. त्यामुळे तो शब्द जरा अडखळत आला. "पिशवी माझ्याकडे होती. मागच्या सीटखाली."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिले, मग दारातून दिसणाऱ्या बाकाच्या टोकाकडे. तिथे दोन हात मांडीवर ठेवलेले दिसत होते. एका हाताने दुसऱ्याला घट्ट धरले होते.

"बाहेर चला," निरीक्षक म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं द्या. तिला कमी ऐकू येतं."

तिला उत्तम ऐकू येत होते.

बाहेर बाकासमोर निरीक्षक हात मागे बांधून उभे राहिले. कारकुनाने टोपी सारखी केली.

"मागच्या सीटखाली पिशवी ठेवता आणि खुशाल उतरून जाता?" तो एवढ्या जोरात म्हणाला, की पलीकडे चहा पिणारे दोन ड्रायव्हर वळून बघू लागले. "वय झालं म्हणजे काहीही चालतं का? बायकोनं विश्वासानं हातात दिलेली वस्तू! उद्या बायकोलाच विसरून जाल! पुन्हा असं होता कामा नये."

शेवटचे वाक्य सोडले तर नेहमीच्या भाषणात यांतले काहीच नव्हते.

"नाही होणार," निरीक्षक म्हणाले.

बायकोने मान वर केली. "मी तुमच्याकडे दिली होती?"

"चढताना. तुला जागा मिळाली, मला नव्हती मिळाली. मग मिळाली, तेव्हा खाली ठेवली."

तिने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग कारकुनाकडे वळली. "खरंच मागे सापडली?"

कारकुनाने नियमांच्या खोलीकडे एकदा पाहून घेतले. "मागेच, वहिनी. सीटखाली पार आत गेली होती."

"तरी म्हटलं," ती म्हणाली. गुंतलेले हात सुटले. "दोन दिवस जिवाला घोर लावलात. आणि तुम्हीसुद्धा हो, चारचौघांत एवढं बोलतात का कुणाला? होतं माणसाचं."

तिने पिशवी मांडीवर घेतली, आत न पाहताच चष्मा काढला, पदराने पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. मागोमाग गोळीही दिली. फलाटावर बस लागत होती. ती उठली तसा निरीक्षकांनी पिशवीला हात घातला.

"दे, मी घेतो. जड आहे."

"काही नको." तिने बंद खांद्यावर ओढून घेतला. "तुम्ही विसरता."

ती पुढे निघाली. निरीक्षक अर्धे पाऊल मागे राहून, निळ्या पिशवीवरची नजर न हलवता, तिच्यामागून चालू लागले.