चुकीच्या कबरीवरचा क्रूस

मी कबरस्तानातला एक लाकडी क्रूस बोलतोय. दचकू नका. मी स्वतःच इतका घाबरट आहे की दुसऱ्याला काय घाबरवणार!

मी मूळचा बाभळीचा. १९८६ साली जुन्या जालन्यातल्या एका सुताराने मला घाईघाईत जोडलं, त्यामुळे माझा डावा हात आखूड राहिला. सोनूबाईचा एकुलता एक मुलगा संपत काविळीने गेला होता. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "पुढं दगडी क्रूस बसवू, तोवर हा असू द्या." 'तोवर' म्हणजे किती दिवस, हे माणसं कधीच सांगत नाहीत.

माझ्यावर पांढऱ्या रंगाने संपतचं नाव लिहिलं. सोनूबाईला वाचता येत नव्हतं. माझ्या आखूड हातावरूनच ती कबर ओळखायची. दर रविवारी उपासना सुटली की यायची, झेंडूची फुलं ठेवायची आणि विनवायची, "प्रभू, शेवटल्या दिवशी मेलेल्यांना उठवशील तवा माझ्या लेकराला हाक मारशील ना? त्याचं नाव ध्यानात राहू दे."

ते ऐकून माझ्या जिवाला घोर लागायचा. वाळवीची तर सतत धास्ती. मी पडलो तर या बाईला तिचा मुलगा सापडायचा कसा?

मन चिंती ते वैरी न चिंती. एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत शिरलं. मी उन्मळून पडलो, मातीचे उंचवटे सपाट झाले. पाणी ओसरल्यावर चर्चच्या मंडळीतली तरुण पोरं साफसफाईला आली. पोरं कामाची, पण भारी उतावळी. कबरी खोदणारा कडूबा तेव्हा पाय मोडून वाटूरला लेकीकडे पडून होता, त्यामुळे विचारायचं कुणाला? पोरांनी मला उचललं आणि लिंबाखाली संपतच्या कबरीवर रोवायचं सोडून दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीवर रोवलं.

सोनूबाई आली. सगळं सपाट झालेलं, आणि झाडापेक्षा तिचा भरवसा माझ्यावर. माझा हात चाचपला आणि तिथेच बसली. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं? पावसाळा सरला, नाताळ गेला, तिची फुलं परक्याच्या उशाशी पडत राहिली. कळेल तेव्हा ही बाई कोलमडेल, तिची उरलीसुरली आशाही जाईल, या काळजीने मी आतून पोखरला जात होतो.

ईस्टरच्या पहाटे मंडळी गाणी म्हणत आली. कडूबाही काठी टेकत आला आणि मला पाहून थबकला.

"सोनूबाई, हा क्रूस हितं कसा आला? तुमचा संपत तिकडं लिंबाखाली हाय."

तिने समोरच्या मातीकडे बोट केलं. "मंग ह्यो कोण?"

"लई जुना हाय. साथीत गेल्ता. माझ्या बापानं पुरल्ता. नाव कुणालाच ठावं न्हाई."

"म्हंजे मी परक्यापाशी रडून राह्यले, आन् माझं लेकरू तिथं एकटं?" ती पदर तोंडाशी धरून रडली. मला माझीच लाज वाटली.

"जल्दी उपटून तिकडं लावतो," म्हणत कडूबाने मला धरलं.

"थांबा." सोनूबाईने डोळे पुसले. "मी जागा चुकले, पण प्रभू चुकला नसंल. मी हितून मारलेली हाक त्यानं बराबर तिथंच पोचवली असंल." मग तिने मातीवर हात ठेवला. "ह्याला बिचाऱ्याला कोण हाय? राहू द्या क्रूस ह्याच्याजवळ."

अर्धी फुलं तिथेच ठेवून ती लिंबाखाली गेली, मोकळ्या जमिनीवर बसली. त्या दिवसापासून 'नाव ध्यानात राहू दे' असं ती कधीच म्हणाली नाही. दोन्हीकडे फुलं मात्र ठेवत राहिली.

आता सोनूबाई थकली आहे, क्वचितच येते. माझ्यावरचं नाव पुसलं गेलंय आणि वाळवी गुडघ्यापर्यंत चढली आहे. काळजी हा माझा स्वभावच, तो काही जात नाही. पण एक मागणं आहे. मी पडलो आणि तुमच्या हाती लागलो, तर मूळ जागा शोधत बसू नका. ज्याच्याकडे कुणीच येत नाही, अशा कुणाच्या तरी उशाशी मला उभं करा.