डावीकडे ओढणारं चाक

येरेने दोन्ही खोकी धक्क्यावर आणून आपटली, तरी पेरीनाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बोटीत चाकामागे, नवऱ्याच्या जागेवर बसून होती. श्पिरो गेला तेव्हा ऑलिव्हची तोडणी चालू होती. आता वर्ष होत आलं, अंजिरं पिकायला आली होती आणि ही बाई अजून रोज संध्याकाळी एकटी बोट घेऊन निघायची, माला लूकाच्या खाडीपर्यंत जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. गाव आधी हळहळलं. मग गावच ते, चेष्टा सुरू झाली. पेरीना जाळं न घेता मासे धरायला जाते म्हणे.

ती कशासाठी जाते हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बोटीचं स्टीअरिंग जुनं, केबलचं. इंजिनाचा पंखा फिरताना इंजिनाला एका अंगाला रेटतो, तो रेटा केबलमधून चाकापर्यंत येतो आणि चाक सतत डावीकडे ओढ घेतं. हात ढिला पडला की बोट वळलीच. त्या बंदरावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पेरीनानेही उभा संसार त्या ओढीच्या नावाने बोटं मोडली होती. पण श्पिरो गेल्यानंतर पहिल्यांदा तिने चाक धरलं आणि ओढ जाणवली, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा यंत्राचा रेटा नव्हता. कुणीतरी पलीकडून धरून हळूच म्हणत होतं, इकडे चल. भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं.

आता ती केबल गंजून तिचे तंतू सुटायला लागले होते. मुलगा रोको शहरातल्या गोदीतली नोकरी सोडून आला होता. सोमवारपासून बापाच्या बोटीवर मासेमारी करणार होता. केबल बदलल्याशिवाय बोट बाहेर काढणं म्हणजे जिवाशी खेळ होता. प्रश्न एवढाच की तिच्या जागी काय बसवायचं.

"वहिनी, हे बघा," येरे म्हणाला. तो श्पिरोचा चुलतभाऊ आणि गावातला एकुलता एक मेकॅनिक. "या खोक्यात नवी केबल. जुनं तसंच नवं. आणि हे हायड्रॉलिक. यात तेल असतं, चाक लोण्यासारखं फिरतं आणि जिथे सोडाल तिथेच राहतं. ओढ नाही, काही नाही."

"मग केबलच बसवा, भाऊजी."

"आई, तुझं काय चाललंय?" रोको वैतागला. "दिवसभर ते चाक रेटून खांदा निखळेल माझा."

"तुझ्या बापाचा निखळला नाही कधी. तुझाच बरा एवढा नाजूक?"

"बाबांना दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून!"

"त्यांना तेच आवडायचं."

"आवडायचं? ओढत नेतंय गाढव, म्हणून रोज शिव्या घालायचे त्याला!"

येरे गालातल्या गालात हसला, पण पेरीनाचा चेहरा बघून लगेच गप्प झाला. ती उठून उभी राहिली होती. डोळ्यांत पाणी आणि जिवणी घट्ट, असा तिचा अवतार दोघांनाही ठाऊक होता.

"या दोघेही बोटीत," ती म्हणाली. "दाखवते तुम्हाला."

बुरा, म्हणजे डोंगरावरून येणारा झोंबरा वारा, सकाळीच पडला होता. पाणी सपाट होतं. माला लूकाच्या तोंडाशी आल्यावर किनाऱ्यावरचा ऑलिव्हचा उतार दिसायला लागला, तसा येरे त्या बाजूला पाठ करून बसला. खाडीच्या मधोमध पेरीनाने वेग थोडा वाढवला आणि चाकावरचे दोन्ही हात उचलले.

चाक आपसूक डावीकडे फिरलं. आधी सावकाश, मग भराभर. बोट कलली आणि स्वतःच्याच फेसाभोवती गोल फिरू लागली.

"आला बघ," पेरीना म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "इथेच तो पडला ना? हृदय बंद पडून पडला, पण बोट त्याला सोडून गेली नाही. टाकी रिकामी होईपर्यंत त्याच्याभोवती फिरत राहिली. तुम्हीच सांगितलंत मला. ते तेलाचं चाक असतं तर बोट सरळ निघून गेली असती, त्याला एकट्याला टाकून. आणि ते बसवू मी?"

वर्तुळ लहान होत चाललं होतं. रोकोचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने झेप घेऊन किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं आणि खाडीत एकदम इतकी शांतता पसरली की तिघांनाही ती नकोशी झाली.

"काका, सांगा तिला," रोको म्हणाला.

"गप रे."

"सांगा, नाहीतर मी सांगतो. सोमवारपासून या चाकावर मी उभा राहणार आहे."

येरेने डोक्यावरची टोपी काढली. ती हातात चुरगाळत तो बोलू लागला.

"मी वर तोडणीला होतो, वहिनी. त्या तिसऱ्या बांधावर. त्याचं हृदय बंद पडलं नव्हतं. जाळं ओढताना तोल गेला, बस्स. तो पोहत होता. चांगला पोहत होता. बोट वळून आली तेव्हा त्याने तिला चुकवलं. मग परत आली. तो हात वर करून तिच्यावर ओरडत होता, अंगावर येणाऱ्या बैलाला हाकलावं तसा. मी खाली धावत होतो. पोचेपर्यंत पंख्याने..." तो थांबला. "म्हणून आम्ही शवपेटी खिळे ठोकूनच आणली."

पेरीना हळूच चाकापासून मागे सरली आणि तिने आपले हात झग्याला पुसले. पुसतच राहिली.

"आणि मी त्याच्याशी बोलत होते," ती शेवटी म्हणाली. "रोज इथे येऊन. दिवस कसा गेला ते सांगत होते. कुणाला सांगत होते मी, भाऊजी? सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मला येऊ दिलंत?"

तिला त्या क्षणी येरेचा, पोराचा, अख्ख्या गावाचा विलक्षण राग आला आणि त्याहून जास्त त्या लाकडाच्या बोटीचा. पण राग ओकायला पुढे आयुष्य पडलं होतं. सोमवार जवळ आला होता.

"तेलाचं बसवलं, आणि हा पडला, तर बोट सरळ जाईल?"

"जाईल. तुम्ही म्हणालात तशीच. याला पाण्यात सोडून."

"मग तुमचं ते चांगलं कसं?"

येरेने चाकाशेजारच्या, दर्यावर्द्यांचा राखणदार संत निकोला याच्या पत्र्याच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. इंजिनाच्या बटणातून निघालेली लाल दोरी संताच्या गळ्यात बांधलेली होती. खरं तर ती चालवणाऱ्याने पायाला अडकवायची असते. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन जागच्या जागी बंद. पण या गावात पायाला दोरी फक्त पाहुणे बांधतात. गावकरी संताच्या सणाला, पाद्र्याने पाणी शिंपडलं की, ती संतालाच बांधतात. बोट त्याच्या हवाली.

पेरीना त्या पत्र्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हा बरा कधी पाण्यात पडेल," ती म्हणाली.

तिने गाठ सोडवली. मीठ बसून ती दगड झाली होती, शेवटी दातांनी ओढावी लागली. मग वाकून तिने दोरी रोकोच्या पायाला अडकवली. तो लहान मुलासारखा गुमान उभा राहिला.

"हायड्रॉलिक बसवा," ती येरेला म्हणाली.

येरेने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम उरकलं. जुनी केबल त्याने तिच्यासमोरून न नेता मागच्या बाजूने नेली. रोको म्हणाला, पहिली फेरी आईच मारेल, आणि तिनेही नाही म्हटलं नाही.

बंदराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मोकळ्या पाण्यात बोट उजवीकडे जायला लागली. पेरीनाने सरळ केली. परत उजवीकडे.

"काय बसवलंय या येरेने?" ती कुरकुरली. "आता हे तिकडे ओढतंय!"

रोकोने वाकून बघितलं. चाक कुठेच ओढत नव्हतं. आईचं मनगट ताठ होतं आणि शिरा वर आल्या होत्या.

"आई, तू रेटतेयस. हात सैल सोड."

"सोडलाय."

"नाही सोडलास."

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. बोटं सैल करायचा प्रयत्न केला. क्षणभर ती सैल झाली आणि पुन्हा, पलीकडून कुणी अजून डावीकडे ओढत असल्यासारखी, उजवीकडे रेटू लागली.

"तू घे रे चाक," ती म्हणाली. "माझ्या हातातून तो अजून गेला नाही."