दोन साक्षीदारांसमोर

"हे काय लिहिलंय, मावशी?" कारकुनाने अर्ज खिडकीतून परत सरकवला. "तुमच्या घरी काही कमी नाही म्हणे."

"नाहीच."

"मग इथे कशाला आलात?"

"माझा मुलगा नऊ वर्षं सीमेवर तुमच्या झोपेची राखण करत होता. त्याच्या कॉलेजच्या फीचे पैसे तुमच्याकडे निघतात, ते न्यायला आले. भीक मागायला नाही."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. कारकून हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर माशी बसली असती तर तीही कंटाळून उडाली असती. माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणारी ही कचेरी. बसायला एकच बाक, त्याचाही एक पाय विटेवर.

मुलगा माझ्या शेजारी उभा होता. वय एकतीस. उजव्या हाताची तीन बोटं तिकडेच राहिली आणि लष्कराने त्याला घरी पाठवला. डाव्या हाताने लिहायला शिकला, परीक्षा दिली, इंजिनिअरिंगला नंबर लागला. कॉलेजने बजावलं होतं, मदत मंजूर झाल्याचं पत्र आज पाचच्या आत आणा, नाहीतर जागा पुढच्याला.

अर्जातला घरच्या परिस्थितीचा रकाना मी शेजारच्या पोरीकडून भरून घेतला होता. शाळा मी चौथीत सोडली, पण काय सांगायचं ते मला कोणी शिकवू नये. 'आमचं घर खाऊन-पिऊन सुखी आहे. कोणापुढे हात पसरलेला नाही.' मुलाला न दाखवताच पाकीट चिकटवलं. परक्याने वाचायच्या कागदावर घराची लक्तरं कोण वाळत घालतं?

"खाऊन-पिऊन सुखी माणसाला नियमात मदत बसत नाही," कारकून म्हणाला.

मुलाने कागद उचलून वाचला. "आई, हे तू लिहवलंस?"

"खोटं काय आहे त्यात?"

"तू लोकांची धुणी धुतेस. माझा हात बघितला की मला कोणी कामावर घेत नाही. आणखी काय खरं पाहिजे तुला?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

नऊ वर्षं साहेबांचं ऐकून आला आणि आवाज चढवायला आईच सापडली.

कारकुनाने नवा कागद काढला. "अर्ज बदलायचा तर घराच्या प्रमुखाने तोंडी सांगावं लागतं. मी वाचतो, तुम्ही होय म्हणा. दोन साक्षीदार लागतील, रांगेतले चालतील."

एक निवृत्त हवालदार पुढे आला. दुसरी, काळी पिशवीवाली बाई. सकाळी तिने मला विचारलं होतं, "तुम्हीपण मदतीसाठीच का?" मी तिला फटकारलं होतं, "आम्ही त्यातले नाही." आता ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"घरात कायमचं कमावणारं कोणी नाही. खरं?"

"होय."

"मुलगा अपंग असून—"

"अपंग म्हणायचं काम नाही. डाव्या हाताने तुमच्यापेक्षा सुबक लिहितो तो."

"आई," मुलगा म्हणाला. "होय म्हण."

"होय."

"दुसऱ्याच्या मदतीशिवाय हे कुटुंब शिक्षणाचा खर्च करू शकत नाही. मोठ्याने सांगा, साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे."

नवरा गेला तेव्हा भावाने पुढे केलेला हात मी झिडकारला होता. तेव्हा 'नको' म्हणायला क्षणही लागला नव्हता.

"होय," मी म्हटलं. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं असेल.

शिक्का बसला. मुलाने पत्र घेतलं. "चल, पाच वाजतील."

तेवढ्यात पिशवीवालीने माझा पदर धरला. "माझाही अर्ज बदलायचाय. साक्षीला थांबाल? माझ्याबरोबर कोणी नाही."

"तू पुढे हो," मी मुलाला म्हटलं.

हवालदार आणि मी साक्षीला उभे राहिलो, तिचंही वाचून झालं. सुनेचा, नातवंडांचा, सगळ्यांचा पंचनामा. ती फरशीकडे बघत राहिली.

"मोठ्याने सांगा, बाई," कारकून म्हणाला. "साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे."

तिचे ओठसुद्धा हलले नव्हते.

"मला ऐकू आलं," मी म्हटलं. "सही कुठे करायची ते दाखवा."