रायभानची पाठ

"मामा, उरका! जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला."

न्हाणीच्या पडद्याआडून फक्त दगडानं अंग घासल्याचा आवाज. खरखर, खरखर.

रेणुका चिडली. थंडीत म्हातारी कातडी कोरडी पडून खाजते, तिला दगड लावू नका, कढत पाणी घेऊ नका, ओल्या अंगावरच खोबरेल जिरवा, असं जाफराबादच्या डॉक्टरनं बजावलं होतं. पण तिचा सासरा रायभान ऐकेल तर ना! त्याच्या मते खाज म्हणजे मळ. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, मळ आत शिरला असणार.

त्यात सकाळीच अंगदनं बापाला तोंडावर सुनावलं होतं, "आबा, तुम्ही घरीच ऱ्हा. राजूरला पाव्हण्यांसमोर कराकरा खाजवत बसाल. खरूज झाली म्हणतील अन् राजनंदिनीचा साखरपुडा मोडंल."

नातीचा साखरपुडा आणि आजोबा घरी. म्हातारा गुमान बादली घेऊन न्हाणीत शिरला होता.

एवढ्यात उग्र वास आला. रेणुकानं तो ओळखला. मेंढरांच्या गोचिडांचं औषध.

"अहो! मामांनी गोचिडाचं औषध घेतलं अंगाला!"

"मंग मी काय करू? नवे कपडे घातलेत मी," अंगद अंगणातून ओरडला.

सुनेनं सासऱ्याचं उघडं अंग बघायचं नसतं. हा नियम ज्यानं केला, त्याची पाठ कुणी ना कुणी फुकट चोळत असणार. रेणुकानं पदर खोचला आणि पडदा सारला.

लंगोटीवर बसलेला रायभान अंग चोरून ओरडला, "बाहेर हो! लाज न्हाई का?"

"लाज मंग करते. हात पुढं करा."

डावा हात औषधानं ओला होता. तिनं तो साबणानं पुन्हा पुन्हा धुतला. मग पाठ दिसली. दगडानं सोललेली, जागोजागी लाल.

"मेंढरं मरत न्हाईत त्यानं," तो पुटपुटला.

"मेंढराला लोकर असती. तुम्हाला काय हे?"

"मिशा हेत की."

तिला हसू आलं, रागही आला. कोमट पाणी ओतून तिनं जुन्या लुगड्यानं अंग नुसतं टिपलं, तेल लावलं. तो भिंतीकडं बघत राहिला.

दोघं बाहेर आल्यावर अंगद म्हणाला, "ह्यांना कुठं नेती?"

"मामा पुढच्या सीटवर बसतील. न्हाईतर पोरीची आईबी येत न्हाई. मंग पाव्हण्यांना काय सांगायचं ते सांगा."

जीपमध्ये रायभाननं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. राजूर येईपर्यंत काढले नाहीत. मांडवातही तसाच बसला. पाव्हण्यांनी तंबाखू पुढं केली, त्यानं नुसती मान हलवली.

राजनंदिनी पाया पडायला वाकली, तेव्हा मात्र हात काढावेच लागले. त्यानं ते तिच्या डोक्यावर ठेवले. ठेवले ते ठेवलेच. फोटोवाल्याचे फोटो काढून झाले, मागची माणसं खोळंबली, पोरगी वाकून अवघडली.

"आबा, पुरे आता," अंगद दातओठ खात म्हणाला.

रायभान हात उचलीना. पाठ खाजेनं पेटली होती, हात सुटले की तिकडंच जाणार.

रेणुका पुढं झाली. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि सगळ्या मांडवादेखत धरून ठेवले.