गप्प केलेला भोंगा

मित्रांनो, भोंगा म्हटले की तुम्हाला कारखान्याच्या छपरावरचा, सगळ्या वस्तीला उठवणारा मोठा कर्णा आठवेल. मी तसा नाही. मी तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा, पांढऱ्या रंगाचा एक जुना भोंगा आहे. औषधांच्या गोदामात जी थंड खोली असते, तिच्या दाराबाहेरच्या भिंतीवर मी नऊ वर्षे नोकरी केली.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात बारीक तारा बसवल्या, दुसरीने झाकण लावले आणि तिसरीने माझ्या थंडी मोजणाऱ्या तारेचे टोक बर्फाच्या पाण्यात बुडवले. मी असा काही कोकललो की तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. मग ती हसत म्हणाली, "पास!" मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि ती ओरडल्याबद्दल होती.

गोदामात मला बसवायला एक ताई आली होती. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, गळ्यात तारांचे वेटोळे. सगळे तिला तारांची ताईच म्हणत. तिच्याकडे अशी एकोणीस गोदामे होती. प्रत्येकाच्या भिंतीवर माझ्यासारखा एक जण होता आणि आम्ही सगळे तारेने तिच्या कचेरीतल्या पडद्याला जोडलेले होतो. पडद्यावर प्रत्येक गोदामाचा एक ठिपका. सगळे ठीक असले की हिरवा, आमच्यापैकी कोणी ओरडला की लाल.

थंड खोली सांभाळायला एक काका होते. ऐन उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, म्हणून त्यांना सगळे थंडीकाका म्हणत. ताईने मला भिंतीवर ठोकले आणि काकांना जवळ बोलावले.

"काका, हद्द लक्षात ठेवा. दोन ते आठ अंश. आठच्या वर गेलं तरी हा ओरडेल, दोनच्या खाली गेलं तरी ओरडेल."

"वर गेलं तर औषध खराब होतं, ते कळलं मला. पण जास्त गार झालं तर काय बिघडतंय?"

"साखरेच्या आजाराचं इंजेक्शन एकदा गोठलं की संपलं, काका. परत वितळलं की उजेडात धरून नीट पाहिल्याशिवाय कळतही नाही. पण त्यातला गुण गेलेला असतो."

मग तिने एक छोटी किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली. "हद्द ह्याच किल्लीनं बदलते. ती फक्त तुमच्याकडे राहील. आणि मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"तुला विचारल्याशिवाय मी ह्याला पुसणारसुद्धा नाही," काका म्हणाले. पण पुसायचे मात्र रोज. सकाळी आल्या आल्या स्वेटरच्या बाहीने माझी काच पुसायची, मग माझे बटण दाबायचे. बटण दाबले की मी आदल्या दिवसातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा दाखवत असे. काका ते दोन्ही फळ्यावर लिहीत. ते मला 'ओरड्या' म्हणत.

मी ओरडत होतोच खूप. खोक्यांना चिकटपट्टी लावणाऱ्या बायका आणि गाड्या भरणारी माणसे खोलीचे दार उघडे टाकून गप्पा मारत. मी भोकाड पसरले की काका जेवणाचा घास तसाच ठेवून धावत येत. "आलो रे बाबा, आलो! अगं, दार लावा, नाहीतर हा आपल्याला बहिरं करेल!" एकदा भर दुपारी थंडी करणारे यंत्रच बंद पडले. माझ्या हाकेवर पंचवीस माणसांनी रांग धरली आणि अर्ध्या तासात सगळी खोकी बर्फाच्या पेट्यांत हलवली. एकही बाटली वाया गेली नाही. त्या दिवशी काकांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि सगळ्यांना सांगितले, "आपल्यात खरा जागा हाच."

मित्रांनो, मी त्या माणसावर किती विश्वास टाकला होता हे तुम्हाला कळावे, म्हणून हे सांगितले.

मग नवे साहेब आले. ते वाईट नव्हते. टापटीप राहत, सगळ्यांच्या आधी येत, नावानिशी चौकशी करत. पण त्यांच्या केबिनमध्ये एक तक्ता लागला. 'महिन्याची कामगिरी.' त्यात माझे प्रत्येक ओरडणे म्हणजे गोदामाची एक चूक. एकोणीस गोदामांत आमचा नंबर सतरावा होता.

"काका, वरच्या नंबरांची गोदामं महिन्याला दोनतीनदा ओरडतात. आपलं एकवीस वेळा! वरचे लोक मला विचारतात, मी काय सांगू?"

"साहेब, दाराचं रबर फाटलंय, ते बदला. आणि थंडीच्या यंत्राची कळ अधूनमधून अडकते. यंत्र थांबायला हवं तेव्हा थांबतच नाही. तेवढं दुरुस्त करा, हा आपोआप गप्प बसेल."

"ते पुढच्या वर्षीच्या यादीत टाकलंय मी. मला ह्या महिन्याचं सांगा." साहेबांनी माझ्याकडे बघितले. "ह्याची हद्द थोडी सैल करता येते ना? दोन्हीकडून?"

"येते. पण ताईला विचारायला लागेल."

"कशाला? किल्ली तुमच्याकडे आहे." साहेबांचा आवाज मऊ झाला. "काका, निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. शेवटच्या वर्षी तुमच्या नावापुढे लाल रेघ यावी, असं मला नाही वाटत."

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ते एकटेच माझ्यापाशी आले. त्यांच्या हाताची मला सवय होती, म्हणून मला वाटले, ते मला पुसायलाच आले आहेत. मग पोटात किल्ली फिरली. खालची हद्द उणे पाच. वरची हद्द पंधरा.

"थोडे दिवस गप्प राहा रे बाबा," ते हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून मी गप्प झालो. दार उघडे राहिले, मी गप्प. आकडा अकरावर गेला, मी गप्प. ताईच्या पडद्यावर आमचा ठिपका महिनोन् महिने हिरवा राहिला. आमचे गोदाम पहिले आले. साहेबांनी ढाल आणली, ती काकांच्या हातात देऊन फोटो काढला. ताईचा फोन आला तेव्हा काका माझ्या शेजारीच उभे होते. "काका, काय जादू केलीत? तुमचा ठिपका बघून डोळे निवतात माझे!" काका 'हो हो' म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून फोन ठेवला. सकाळी बटण दाबून आकडे फळ्यावर लिहायचे, तेही त्यांनी हळूहळू सोडून दिले. नसते आकडे बघायचेच कशाला?

एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, थंडीच्या यंत्राची ती कळ अडकली. यंत्र थांबेना. खोली गार होत गेली. एक. शून्य. उणे एक. सकाळचे अकरा वाजले तेव्हा उणे तीन झाले आणि तिथेच राहिले. ऊन खिडकीतून टेबलांवर सरकत होते, गोदामात चिटपाखरू नव्हते आणि आत हजारो बाटल्या गोठत होत्या. मी एकेक आकडा लिहून ठेवत होतो. पण उणे पाचपर्यंत ओरडायचे नाही, असा माझ्या पोटात हुकूम होता. मित्रांनो, ओरडण्यासाठीच जन्माला आलेल्याने ते नुसते बघत राहायचे, हे कसे असते ते मला सांगता येणार नाही.

सोमवारी दार उघडले, बाहेरची ऊब आत शिरली आणि कळ आपोआप सुटली. काकांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा काचेवर चार होते. बटण दाबले असते तर उणे तीन दिसले असते. त्यांनी दाबले नाही. खोकी गाडीत चढली आणि गेली.

दहा दिवसांनी एक बस ड्रायव्हर अंगावरच्या खाकी कपड्यांनिशी थेट थंड खोलीबाहेरच्या आमच्या खोलीत आला. त्याने रुमालात गुंडाळलेली एक बाटली टेबलावर ठेवली.

"ही इथूनच गेली ना? खोक्यावर ह्या गोदामाचा शिक्का होता."

"काय झालं?" काकांनी विचारले.

"माझी मुलगी सहावीत आहे. रोज वेळेवर इंजेक्शन देतो आम्ही. एक वेळ चुकवली नाही. तरी साखर उतरेना. तीन दिवस दवाखान्यात आहे, आणि आज सकाळपासून डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, औषधातच दम नाही."

काकांनी बाटली उजेडात धरली. आतल्या पाण्यात बारीक बारीक कण तरंगत होते. त्यांचा हात खाली आला. त्यांना कळले होते. मला त्यांचा चेहरा समोरून दिसत होता.

ड्रायव्हरने भिंतीकडे बोट केले. "ते थंडी मोजायचंच यंत्र आहे ना? ते काहीच बोललं नाही का हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. मग केबिनच्या काचेकडे पाहिले. काचेमागे साहेब उभे होते.

"नाही बोललं," काका म्हणाले. "जुनं झालंय ते. बिघडलंय बहुतेक."

साहेबांनी मला गप्प केले होते, ते मी सोसले. काकांनी किल्ली फिरवली, तेही सोसले, कारण 'थोडे दिवस' असे ते म्हणाले होते. पण माझे तोंड त्यांनीच बंद करायचे आणि वर 'हा बोलला नाही' असे एका बापाला सांगायचे? त्या माणसाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की नऊ वर्षांत पहिल्यांदा मला भिंतीवर असल्याची लाज वाटली.

चांगले औषध मिळाले तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलीने डोळे उघडले. आणखी अकरा आजारी माणसांना त्रास झाला होता. गेलेला माल परत आणला. साहेबांनी अहवाल लिहिला, काकांनी सही केली. 'भोंगा सदोष.' ताई तेव्हा दुसऱ्या गावी तारा टाकत होती. मला उघडून बघावे, असे कोणी तिला म्हटले नाही. माझ्या जागी चकचकीत नवा भोंगा आला. बसवणाऱ्याला साहेबांनी सांगितले, "जुन्यात ज्या हद्दी होत्या, त्याच ह्याच्यात टाका." उणे पाच आणि पंधरा. अडकणारी कळ तशीच राहिली, कारण दोष तर माझा होता. मला टेबलाखालच्या खोक्यात, वापरलेल्या चिकटपट्ट्यांच्या रिळांवर टाकले.

दोन महिन्यांनी काकांच्या निरोपाचा कार्यक्रम त्याच खोलीत झाला. दुपारची वेळ, टेबलावर चहा आणि बिस्किटे. ताईही आली होती. साहेब भाषणाला उभे राहिले. "थंडीकाकांच्या काळात ह्या गोदामानं शिस्त म्हणजे काय ते सगळ्यांना दाखवलं..." दारात गाडी भरायला लागली होती. काका टाळ्या स्वीकारत भिंतीकडे वळले आणि थबकले. नव्याच्या काचेवर उणे दोन होते. खाली दिवा हिरवा.

"थांबवा!" ते ओरडले. "गाडी थांबवा! खोकी उतरवा!"

"काका, आज राहू द्या ना," साहेब हसून म्हणाले. "यंत्र नवीन आहे, काही असतं तर वाजलं असतं."

"कसं वाजेल? उणे पाचाशिवाय ते वाजणारच नाही! ती हद्द मीच केलेली आहे." काकांनी कप टेबलावर ठेवला. "जुना बिघडला नव्हता. मी त्याला गप्प केला होता. तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. आणि त्या पोरीच्या बापाला खोटं सांगितलं, ते मात्र माझं मी सांगितलं."

ताईच आधी धावली. तिने थंडीचे यंत्र बंद केले, पक्कड काढून अडकलेली कळ सोडवली आणि सगळा माल अडवून ठेवला. तपासणी होईपर्यंत एकही खोके बाहेर गेले नाही. मग तिने मला रिळांतून उचलले, बॅटरी घातली, बटण दाबले. त्या रविवारचा एकेक आकडा माझ्या पोटात शाबूत होता. तो बघून ती खाली बसली. "हिरवा ठिपका बघून मीपण खूश झाले," ती म्हणाली. "एवढा हिरवा कसा, असं एकदाही विचारलं नाही मी."

साहेबांची बदली झाली. दाराचे रबर बदलले, कळ बदलली, हद्द पुन्हा दोन ते आठ झाली. मला मात्र भिंत परत मिळाली नाही. कागदोपत्री एकदा सदोष ठरलेले यंत्र पुन्हा लावता येत नाही, असा नियम आहे. मी आता ताईच्या टेबलावर असतो.

काका निवृत्त झाल्यावर बसच्या आगारात जाऊन त्या ड्रायव्हरला भेटले आणि सगळे खरे सांगितले. ड्रायव्हरने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "मी इतके दिवस त्या यंत्राला शिव्या घालत होतो, काका." आणि गाडीत चढून निघून गेला. हे काकांनीच ताईच्या टेबलापाशी बसून सांगितले. सांगताना त्यांनी बाहीने माझी काच पुसली आणि म्हणाले, "माफ कर रे, ओरड्या."

मित्रांनो, अशा वेळी माफ करावे, असे तुम्हाला शाळेत शिकवत असतील. मी अजून केलेले नाही. खोटे कशाला सांगू? मी खूप वर्षे त्यांच्यासाठी ओरडलो होतो, आणि माझ्यासाठी एक वाक्य खरे बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी काचेमागे कोण उभे आहे ते पाहिले. मागाहून ते बोलले, त्याने बाटल्या वाचल्या, ते चांगलेच झाले. माझे काय ते मी अजून ठरवलेले नाही.

तुम्ही मोठे व्हाल. कोणी गोदाम सांभाळाल, कोणी गाड्या, कोणी ताईसारखे तारांचे जाळे. तिथे माझ्यासारखा कोणीतरी असेलच. एखादे यंत्र, एखादा दिवा, किंवा सारखी कुरकुर करणारा एखादा माणूस. त्याच्या ओरडण्याने तुमचे डोके उठेल. तेव्हा एवढेच करा. किल्ली हातात घेण्याआधी उठा, चालत जा, आणि दार उघडे राहिले आहे का ते बघून या.