डाव्या सीटचा शब्द

विल्फ ट्रँटरने आखलेला रस्ता म्हणजे निव्वळ द्राविडी प्राणायाम होता. ‘थ्री हेअर्स’ पबच्या मागच्या खोलीत जमलेल्यांपैकी कुणालाही हे वेगळं सांगावं लागलं नसतं. टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर बिअरचे चार ग्लास, आणि विल्फने पेन्सिलने ओढलेली रेघ बंदरातून निघून सगळ्या ब्रिटनी प्रांतात दाणे शोधत फिरणाऱ्या कोंबडीसारखी भटकत गेलेली.

इंग्लंडमधल्या टेम नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या मोटारींचा हा क्लब. एक वर्षाआड उन्हाळ्यात सगळ्यांनी आपापल्या म्हाताऱ्या गाड्या बोटीवर चढवायच्या आणि समुद्रापलीकडे फिरून यायचं, अशी प्रथा. रस्ता आखायचं काम कायम विल्फचं, आणि आजवर त्याच्या रस्त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. यंदा मात्र क्लाइव्ह ऑटली भडकला होता. क्लाइव्ह शेतकरी, आवाज बैलाला हाकारायचा, आणि मनात आलेलं पोटात ठेवायची सवय नाही.

“विल्फ, बाबा रे, बंदरापासून मुक्कामापर्यंत सरळसोट हमरस्ता आहे. दुपारी जेवायच्या आत पोचू. आणि तू आम्हाला दिवसभर गोठ्यांच्या मागून फिरवतोयस! फ्रान्स बघायचाय की फ्रान्सचं शेण?”

“हमरस्त्यावर काय बघणार, लॉऱ्या?” विल्फ म्हणाला. “या बाजूला सफरचंदाच्या बागा आहेत. जुनी देवळं आहेत.”

“तू आणि देवळं! स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलेला माणूस तू.”

सगळे हसले. विल्फही हसला, पण त्याचे कान लाल झाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्याने हळूच बायकोकडे पाहिलं. एव्हिस खिडकीपाशी मांडीवर विणकाम घेऊन बसली होती. ती हसली नव्हती. मान जरा तिरकी करून ती ऐकत होती.

ही तिरकी मान विल्फ गेल्या शरद ऋतूपासून बघत होता. आधी त्याला वाटलं, मान धरली असेल. मग एकदा चहा कपात पडायच्या ऐवजी बशीत पडला. मग एका सकाळी खुंटीवरच्या कोटाला ती “आज लवकर उठलास!” म्हणाली. बाजाराला गाडी चालवत जायची ती, एकाएकी म्हणाली, बसमध्ये गप्पा होतात, मला बसच बरी. शब्दकोडं त्याच्याकडे सरकवून, “तूच वाच, माझा चष्मा वर राहिलाय.” चष्मा तिच्या नाकावर होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटी जाऊन आली आणि म्हणाली, “वयाचं आहे सगळं. तुझे गुडघे, माझे डोळे.”

त्यापुढे तिने विचारू दिलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दोघंही आपापली मूठ आवळून बसले होते, आणि दोघांनाही ती जड होत होती.

कारण प्रश्न नुसत्या डोळ्यांचा नव्हता. प्रश्न डाव्या सीटचा होता.

क्लबच्या साऱ्या गाड्या इंग्लंडच्या. चालवणारा उजवीकडे बसतो. फ्रान्समध्ये सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या अंगाने, म्हणजे चालवणारा अगदी गटाराच्या कडेला. पुढे लॉरी आली की त्याला फक्त लॉरीचं बूड दिसतं. समोरून कोण येतंय ते दिसतं डावीकडे बसलेल्याला. म्हणून परदेशात ओव्हरटेक करायचं ते डाव्या सीटच्या शब्दावर. शब्द दोनच, ‘जा’ आणि ‘थांब’. तिसरा चालत नाही. फार पूर्वी नॉर्मंडीत एक सुंदर चर्च पाहून क्लाइव्हची बायको ग्लेंडा “अहाहा!” म्हणाली, आणि क्लाइव्हने तेवढ्यावर गाडी बाहेर काढली ती थेट एका पाववाल्याच्या गाडीसमोर. तेव्हापासून क्लबची सेक्रेटरी रॉझ प्यू हिने नियमच केला: दोन शब्द, मध्ये ‘हं’ नाही, ‘बहुतेक’ नाही, शंका आली तर ‘थांब’. आणि चालवणाऱ्याने वाकून बघायचं नाही, वाद घालायचा नाही. रॉझ निवृत्त मुख्याध्यापिका होती. तिचे नियम मोडायची छाती क्लबात कुणाची नव्हती.

एव्हिसची डावी सीट म्हणजे क्लबची शान. चाळीस वर्षांत तिचा शब्द एकदाही चुकला नव्हता. विल्फची हिरवी गाडी, नाव पॉली, सगळ्यांच्या पुढे असायची ती विल्फमुळे नव्हे, एव्हिसमुळे. हे विल्फला ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता तिला ‘तुला दिसत नाही’ म्हणायचं कसं? म्हटलं असतं तर ती शांतपणे उतरली असती, ‘तू जाऊन ये’ म्हणाली असती, आणि पुन्हा त्या सीटवर कधी बसली नसती. तिच्याशिवाय त्याला ब्रिटनी काय, कोपऱ्यावरचं पोस्टसुद्धा नको होतं. म्हणून हिवाळाभर बसून त्याने असा रस्ता शोधला होता, ज्यावर कुणाला ओलांडायची वेळच येणार नाही. गल्लीबोळ, शेतवाटा, एका गाडीपुरते पूल.

“आणि एक,” विल्फ घसा खाकरून म्हणाला, “रस्ता असा निवांत असल्यामुळे यंदा ओव्हरटेकच्या सरावाचा रविवार नसला तरी चालेल.”

रॉझने चष्म्यावरून पाहिलं. तिने तोंड उघडायच्या आत खिडकीकडून आवाज आला.

“सराव होणार,” एव्हिस म्हणाली. “दर वेळी होतो, यंदाही होणार.” आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

घरी परतताना तिने लोकर गुंडाळून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, “विल्फ, त्या रस्त्याने कुणाला ओव्हरटेक करावं लागणार नाही. होय ना?”

“तसं काही मनात धरून नाही आखला,” विल्फ म्हणाला.

“बरं.”

या ‘बरं’चा अर्थ कळायला लग्न होऊन पन्नास वर्षं व्हावी लागतात. विल्फला झाली होती.

सराव व्हायचा गावाबाहेरच्या जुन्या विमानतळावर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विमान उतरलं नव्हतं. धावपट्टीच्या भेगांतून गवत आलेलं, कडेला मेंढ्या. क्लाइव्ह आपला ट्रॅक्टर आणि पेंढ्यांनी उंच रचलेला ट्रेलर घेऊन धावपट्टीच्या उजव्या अंगाने रांगत चालायचा. पलीकडच्या टोकाला रॉझ तिच्या छोट्या लाल गाडीत बसलेली. समोरून यायचं की नाही हे सर्वस्वी तिच्या लहरीवर. मागून येणाऱ्या जोडीने डाव्या सीटच्या शब्दावर ट्रॅक्टरला ओलांडायचं. ग्लेंडा कडेला टेबल मांडून बेकनची सँडविचं भाजत असायची, आणि ज्यांचं चुकेल त्यांना सॉस मिळत नसे.

जोड्यांमागून जोड्या झाल्या. ‘जा’, ‘थांब’, हॉर्न, हशा. विल्फचं लक्ष कशातच नव्हतं. ती ‘जा’ म्हणाली तर, हा एकच प्रश्न सकाळपासून त्याचं डोकं पोखरत होता. शेवटी त्याने ठरवलं, जायचं. धावपट्टी रुंद आहे, रॉझ सावकाश येते, फार तर मडगार्ड चेपेल. मडगार्ड ठोकून सरळ करता येतं. पण तिच्या शब्दावर आपण कचरलो, तर ते काही ठोकून सरळ व्हायचं नाही.

पॉली ट्रॅक्टरच्या मागे लागली. विल्फसमोर पेंढ्यांची भिंत. शेजारी एव्हिस ताठ बसलेली, हातमोजे घातलेले, मान तिरकी.

“थांब,” ती म्हणाली.

विल्फ थांबला, म्हणजे मागे मागे रांगत राहिला. थोड्या वेळाने त्याने इंजिनाचा आवाज जरा वाढवला. विचारायची त्यांची हीच रीत होती.

“थांब.”

डावीकडे झुकून डोकावणं नियमात बसत नव्हतं, आणि आज तर त्याच्या मनातही नव्हतं. कडेच्या मेंढ्या मागे गेल्या, ग्लेंडाचं टेबल मागे गेलं. बेकनचा वास आला आणि गेला. टेबलाशी उभे असलेले लोक हातवारे करून काहीतरी ओरडत होते.

“थांब,” एव्हिस म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. “थांब, विल्फ.”

अशी सगळी धावपट्टी संपली. ट्रॅक्टर उभा राहिला, पॉली उभी राहिली. क्लाइव्ह उडी मारून खाली उतरला, हसून हसून त्याला धाप लागली होती.

“अगं एव्हिस! अख्खं मैदान मोकळं होतं! रॉझ जागची हललीसुद्धा नाही! माझ्या आजीने व्हीलचेअरवरून ओव्हरटेक केलं असतं!”

विल्फने काच वर केली. क्लाइव्हचं हसणं बाहेर राहिलं. आत दोघंच.

“मी ‘जा’ म्हणाले असते,” एव्हिस समोर बघत म्हणाली, “तर तू गेला असतास ना?”

“गेलो असतो.”

“मला दिसत नाही हे माहीत असून?”

“हो,” तो म्हणाला.

“म्हणूनच ‘थांब’ म्हणाले.” तिने हातमोजे काढायला सुरुवात केली, एकेक बोट करत. “मधोमध कुणीतरी अंगठा ठेवल्यासारखं झालंय. कडेचं दिसतं. मेंढ्या दिसल्या. तुझा कान दिसतोय, लालभडक झालाय. पण समोर रॉझ आहे की नाही, ते देवालाच ठाऊक.”

“मला सांगायचंस ना, अगं.”

“आणि तू? तुला कळलं होतं, मग तू सांगायला नको होतंस? माझ्यासाठी अख्खा ब्रिटनी वाकडा केलास, बारा गाड्यांना गोठ्यांमागून न्यायला निघालास, आणि मला एक शब्द नाही! मी काय काचेचं भांडं आहे?” ती खरंच चिडली होती. डोळे भरले होते, आणि ते तिला आवडत नव्हतं. “चाळीस वर्षं तुला रस्ता सांगितला मी. ही एक गोष्ट तू मला सांगू शकला नाहीस.”

“मला भीती वाटली,” विल्फ म्हणाला. “तू उतरशील म्हणून.”

तिने रुमालाने नाक पुसलं, दार उघडलं आणि खाली उतरली. पण ती घराच्या वाटेला लागली नाही. दाराला धरून उभी राहिली आणि सगळे गोळा होईपर्यंत थांबली.

“माझे डोळे गेलेत,” ती म्हणाली. “म्हणजे सगळं दिसणं नाही, फक्त मधलं. विल्फने तो वेडावाकडा रस्ता माझ्यासाठी आखलाय, देवळांसाठी नाही. त्याला देवळातलं काही कळत नाही. सरळ रस्ता हवा असेल तर बेलाशक घ्या, मी रागावणार नाही. पण मग आम्ही सगळ्यांच्या मागे राहू, आणि संध्याकाळी जेवायला पोचू.”

क्लाइव्हने टोपी काढली, परत घातली. थट्टा केल्याची त्याला इतकी लाज वाटत होती की त्याचा तो बैल हाकारायचा आवाजही बसला होता.

बोलली ती रॉझ. ती लाल गाडीतून उतरून चालत आली होती.

“नियम काय आहे, एव्हिस?”

“शंका आली तर थांब.”

“तू काय म्हणालीस?”

“थांब.”

“मग उत्तीर्ण,” रॉझ म्हणाली. “इतक्यांमध्ये आज नियम नीट पाळणारी तू एकटी. बाकीच्यांनी अंदाजपंचे ‘जा’ म्हटलेलं मी तिकडून बघत होते. ग्लेंडा, हिला सॉस दे.”

ग्लेंडा तोवर रडायलाच लागली होती. तिने सॉस इतका ओतला की सँडविच दिसेना. एव्हिसने तक्रार केली नाही.

क्लाइव्ह विल्फपाशी आला. बूट घासत, खाली बघत म्हणाला, “त्या तुझ्या रस्त्यावर... सफरचंदाच्या बागा आहेत म्हणालास ना? म्हणजे दारू पण असेल सफरचंदाची.”

“दर गावात.”

“आधी सांगायचंस ना मग, गाढवा! तसाच राहू दे तो रस्ता. आणि पुढे पॉलीच. ‘थांब’ म्हटलं की सगळी रांग थांबेल. कुणाला घाई असेल त्याने विमानाने जावं.” आणि विल्फच्या पाठीवर त्याने अशी थाप मारली की विल्फला ठसका लागला.

परतीच्या वाटेवर, गावाच्या अलीकडे, त्यांच्यापुढे एक दुधाचा टँकर आला. सावकाश चालला होता, सगळ्या वळणांना दचकत. हे इंग्लंड, रस्त्याची डावी बाजू. इथे चालवणाऱ्याला स्वतःला सगळं दिसतं, डाव्या सीटचं काहीच काम नसतं. विल्फने पाहिलं, समोरचा रस्ता दूरच्या ओकच्या झाडापर्यंत रिकामा होता. त्याने इंजिनाचा आवाज जरा वाढवला आणि तसाच टँकरच्या मागे राहिला.

एव्हिसने मान तिरकी केली. “मला काय विचारतोस? तुझी बाजू आहे.”

“विचारतोय,” विल्फ म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कुंपणाची झुडपं मागे जात होती, ती तिला दिसत होती. टँकर पुढे, पॉली मागे, असा बराच रस्ता गेला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. समोर रस्ता अजून मोकळाच होता, तरी विल्फ हलला नाही.

“जा,” एव्हिस म्हणाली.

आणि विल्फ गेला.